द्राक्षबाग आणि माळरान: सोलापूरहून नान्नजची एका दिवसाची सहल

सोलापुरातून बार्शी रोडला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज येतं. गावाच्या शिवारात द्राक्षाच्या बागा आणि त्यांना लागूनच माळढोक अभयारण्याचं गवताळ रान. दोन्ही एका दिवसात आरामात बघून होतात. मात्र तारीख चुकली तर दोन्ही हातचं जातं. मे महिन्यात गेलात तर बागेत नुसते छाटलेले, बिनघडांचे वेल आणि माळावर फुफाटा बघून परत याल. म्हणून गाडी कुठली, डबा काय, हे सगळं नंतर. आधी तारीख.

फेब्रुवारीच का

द्राक्षाचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ती काडी तयार करण्यासाठी, म्हणजे पुढच्या वर्षीचा घड ज्या डोळ्यातून येणार तो डोळा उन्हाळ्यात त्या काडीवर धरतो. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि तिथून जात व हवेप्रमाणे साधारण ११० ते १३० दिवसांत माल काढणीला येतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेली बाग फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तयार. काही जण बाजार लवकर गाठायचा म्हणून सप्टेंबरअखेर छाटतात. परतीचा पाऊस आणि डाऊनी या बुरशीरोगाची जोखीम पत्करून केलेला तो जुगार असतो, पण त्यामुळे एखाद्या बागेत जानेवारीतही गोड घड मिळून जातो. उशिरा छाटलेल्या बागा मार्चपर्यंत चालतात.

माळाचं वेळापत्रक वेगळं आहे. भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात इथे उतरतात आणि उन्हं तापायला लागली की उत्तरेकडे निघून जातात. म्हणजे द्राक्ष पिकलेलं आणि भोवत्या अजून गेलेले नाहीत, असा काळ एकच उरतो: फेब्रुवारी. त्यातही पहिले तीन आठवडे. जानेवारीच्या शेवटी गेलात तर द्राक्ष थोडं कमी पण ज्वारीचा हुरडा मिळतो, तोही सौदा वाईट नाही. मार्चमध्ये द्राक्ष सर्वांत गोड असतं, पण अकरानंतर माळावर उभं राहवत नाही आणि लहान मुलं असतील तर त्यांची चिडचिड सुरू होते.

एक अट मात्र कायम: आधीच्या दोन-तीन दिवसांत अवकाळी पाऊस झाला असेल तर सहल पुढे ढकला. पिकलेल्या मण्यावर पाणी पडलं की साल तडकते, तडकलेल्या मण्यातून घड सडायला लागतो आणि शेतकरी फवारणी नाहीतर घाईची काढणी यांत अडकलेला असतो. अशा वेळी दारात पाहुणे नकोत. रस्ते मुरमाचे असले तरी बागेतल्या सरीत गाडी रुतते ती वेगळीच.

आदल्या दिवशीचा फोन

नान्नजच्या बहुतेक बागा पर्यटनासाठी नाहीत, त्या धंद्याच्या बागा आहेत. ओळखीतून, एखाद्या कृषी सेवा केंद्रातून किंवा गावात कुणी परिचित असेल त्याच्यामार्फत नंबर मिळवा आणि आदल्या संध्याकाळी फोन करा. सकाळी नको, सकाळी ते काढणीत असतात. "दादा, उद्या चार माणसं बाग बघायला आणि पाच किलो माल घ्यायला येऊ का?" इतकं सरळ विचारलं की उत्तरही सरळ मिळतं. नुसतं 'बघायला' म्हटलं तर टाळाटाळ होते. माल घेणार म्हटल्यावर वेळ मिळतो.

फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, प्लॉट व्यापाऱ्याला दिला आहे का. सौदा ठरून इसार घेतलेला असेल तर घड शेतकऱ्याच्या वेलीवर असला तरी माल व्यापाऱ्याचा. मालक तुम्हाला चहा पाजेल, पण दोन किलो द्राक्ष तोडून देताना त्याला संकोच होईल, आणि तुम्ही हट्ट धरलात तर त्याला तिकडे उत्तर द्यावं लागेल. अशा बागेत फक्त बघायला जा आणि खरेदी रस्त्याकडेच्या स्टॉलवर करा. दुसरी, शेवटची फवारणी कधी झाली. प्रत्येक औषधाला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे ठरलेलं असतं, निर्यातीचा माल असेल तर त्याची नोंदही ठेवलेली असते. जाणकार शेतकरी हे विनासंकोच सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं तर बाग बघा, खाऊ नका. तिसरी, मजुरांची टोळी किती वाजता काढणीला लागते. घड गार असताना आणि दव वाळल्यावर तोडतात, म्हणजे साधारण आठ ते अकरा. बागेतला खरा गजबजाट याच वेळात.

वनविभागाकडेही आदल्या दिवशीच चौकशी करा. कुठला भाग खुला आहे आणि सोबत कोण येणार, हे तेच ठरवतात. सुट्टीच्या दिवशी थेट जाऊन उभं राहिलात आणि माणूस जागेवर नसला तर पहाटेचा मोलाचा तास फाटकाबाहेर जातो.

जाणं

एसटीने जाता येतं. सोलापूर–बार्शी गाड्या नान्नजवरूनच जातात. पण माळ एकीकडे, बाग दुसरीकडे आणि दोन्ही गावापासून लांब, त्यामुळे फक्त एसटीच्या भरवशावर गेलेल्यांची निम्मी सकाळ चालण्यात जाते. दुचाकी सर्वांत सोयीची. चारचाकी असेल तर खाली घासणारी नको.

फेब्रुवारीत सूर्योदय सातच्या जरा आधी होतो. सूर्य उगवताना माळावर असायचं तर सोलापूर सहाला सोडावं लागतं. अंधारात या रस्त्यावर धोका एकच आणि मोठा: उसाच्या ट्रॉल्या. कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, अशी दोन ट्रॉल्यांची गाडी समोर आल्यावरच कळते. वेग साठच्या आत ठेवा आणि समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना ओव्हरटेक करू नका. उजाडल्यावर आणखी एक पथ्य: ज्वारी-हरभऱ्याच्या शेतातून काळवीट अचानक रस्ता ओलांडतात. एक गेलं की मागचे येतातच, म्हणून पहिलं दिसलं की थांबायचं.

आधी माळ, मग बाग

हा क्रम उलटा करू नये. नऊनंतर ऊन चढलं की काळवीट बसून घेतात, गवताच्या रंगात मिसळतात आणि जमिनीलगतच्या हवेला लहरी सुटून दुर्बिणीतही सगळं थरथरतं.

अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शेतं, सगळंच आलं होतं. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तुम्ही बघणार तो त्यातला राखलेल्या गवताचा एक तुकडा. नाव माळढोकाचं असलं तरी माळढोक दिसेल ही आशा घरीच ठेवा. आता इथे एखादा जरी दिसला तरी त्याची बातमी होते. मुलांना आधीच सांगून ठेवलं तर त्यांचा हिरमोड होत नाही, कारण बाकी बघण्यासारखं पुष्कळ आहे.

काळवीट बहुधा दिसतातच. नर वरून काळा-तपकिरी, पोट पांढरं, शिंगांना पीळ. माद्या आणि पिल्लं भुरकट. गाडीत बसून राहिलात तर कळप बऱ्यापैकी जवळ येऊ देतो, पण कुणी दार उघडून खाली उतरला की लगेच उधळतो. गाडीला ते सरावलेले असतात, दोन पायांच्या आकृतीला नाही. फोटोसाठी इंजिन बंद करा, नाहीतर थरथरीने फोटो हलतो.

भोवत्या ओळखायला सोपा आहे. गवतावरून अगदी खालून, पंख वर उचलून धरलेले, डोकं खाली घालून तो सावकाश तरंगत जातो आणि मध्येच गवतात कोसळतो. नाकतोडे, टोळ, लहान उंदीर हे त्याचं खाणं, त्यामुळे शेतकऱ्याचा तो न मागितलेला राखणदारच. रात्री हे पक्षी झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवरच जमतात. संध्याकाळी मावळतीच्या अर्धा-पाऊण तास आधी परवानगी असलेल्या जागी थांबलात तर एकेक करून उतरताना दिसतात. धाविक पक्षी मात्र उंच गवतात शोधू नका. तो उघड्या, मुरमाड जागेत चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. पखुर्ड्यांचे थवे सकाळी पाणवठ्याकडे जाताना आवाजावरून कळतात. चंडोल, माळटिटवी, नीलपंख, तितर हे तर चालता चालता दिसतात. लांडगा दिसणं नशिबाचं. दिसला तर गाडी त्याच्या मागे घालू नका.

कपडे मातकट रंगाचे, बूट बंद. मोजे पातळ आणि गुळगुळीत विणीचे घाला. लोकरी किंवा जाड सुती मोज्यांत कुसळं अशी घुसतात की घरी येऊन एकेक उपसत बसावं लागतं. उपसण्यासाठी छोटा चिमटा खिशात असू द्या. विडी-सिगारेट, शेकोटी, फटाके अजिबात नकोत. फेब्रुवारीतलं गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने कित्येक एकर जातं. हुरड्याची भट्टी लावायची तर शेतात, नांगरलेल्या जागेत, वाऱ्याच्या आडोशाला लावा आणि निघताना तिच्यावर पाणी ओता.

आणि एक विनंती, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी हे करायला निघतंच: माळावर लावायला रोपं आणू नका. इथल्या पक्ष्यांना लांबवर नजर जाईल असं उघडं रानच लागतं. पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पासारख्या झाडांनी ते रान आक्रसलं आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात वाढणारं गवत हेच या जमिनीचं जंगल.

बागेत

द्राक्ष आणि हे रान शेजारी आहेत ते याच कोरड्या हवेमुळे. कोरड्या हवेत बुरशीचे रोग कमी आणि साखर चांगली भरते. पाणी तेवढं ठिबकने मोजून द्यायचं. पाण्याचा ताण सोसावा म्हणून आज बहुतेक बागा डॉगरिजसारख्या जंगली खुंटावर कलम केलेल्या असतात. बुडाशी बघितलंत तर कलमाचा जोड स्पष्ट दिसतो. मुलांना दाखवण्यासारखी ही पहिली गोष्ट.

नान्नजचं द्राक्षाच्या जगातलं नाव नानासाहेब काळे यांच्यामुळे आहे. लांब मण्याची सोनाका आणि काळी शरद सीडलेस या दोन्ही जाती त्यांच्या निवडीतून आल्या. दोन्ही प्रयोगशाळेत संकर करून नाही तर बागेतला वेगळा दिसणारा वेल हेरून, त्याचीच कलमं वाढवून मिळाल्या. सोनाका ही थॉमसन सीडलेसमधून निवडलेली. माणिक चमनसुद्धा आपल्याच जिल्ह्यातली. बागेत गेल्यावर जात कुठली हे विचाराच, शेतकरी खुलतो.

आत शिरण्याआधी बुटांची माती झटका आणि दुसऱ्या बागेतून आला असाल तर तसं सांगा. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण कपड्यांना, टोप्यांना, क्रेटला चिकटून एका बागेतून दुसरीत जातो. मांडवाखाली किंवा वाय आकाराच्या तारांखाली चालताना डोळ्यांच्या उंचीवर तार असते, उंच माणसांनी टोपी घालावी. मुलांना तारेला लोंबकळू देऊ नका. एका टोकाचा ताण सुटला की अख्खी ओळ खाली बसते, तीही ऐन मालाच्या ओझ्याने. ठिबकच्या नळ्यांवर पाय नको. फवारणीचा ब्लोअर चालू असेल किंवा औषधाचा वास येत असेल तर त्या दिवशी आत जाऊच नका.

घडाला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. मण्यावर जो पांढुरका थर असतो तो निसर्गतः आलेलं मेण. त्यामुळे मण्यातलं पाणी टिकतं आणि ताजेपणाही तोच दाखवतो. बोट लागलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. हा थर सगळीकडे सारखा असतो. औषधाचे डाग ठिपक्याठिपक्यांचे किंवा ओघळ सुकल्यासारखे दिसतात. हा फरक एकदा लक्षात आला की मंडईतही उपयोगी पडतो.

गोडी बघायची तर वरच्या खांद्याचा मणी चाखून फसू नका. घड वरून खाली पिकत येतो, म्हणून अगदी शेंड्याचा मणी मागून घ्या. तो गोड असेल तर सगळा घड गोड. पांढऱ्या द्राक्षात हिरवेपणा जाऊन पिवळसर झाक येते आणि उजेडासमोर धरला तर मणी आरपार दिसतो. काळ्या जातीत रंगावर जाऊ नका. रंग आधी भरतो, साखर नंतर, म्हणून काळंभोर दिसणारं शरदही आंबट निघू शकतं. शेतकऱ्याकडे साखर मोजायचं ब्रिक्स मीटर असतं. दोन थेंब पिळून उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, १८ च्या वर असेल तर बिनधास्त घ्या. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. 'घरी ठेवा, दोन दिवसांत गोड होईल' असं कुणी सांगितलं तर तो माल घेऊ नका.

तोडायला दिलं तर कात्रीने, देठाला धरून, दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून. ओढून तोडलं तर मणी गळतात आणि काडीची साल सोलली जाते.

घरी आणणं

चार माणसांच्या घराला पाच किलोची एक पेटी पुष्कळ झाली. पिशवी प्लास्टिकची नको, आत घाम धरून मणी मऊ पडतात. पुठ्ठ्याची पेटी किंवा टोपली, खाली कागद, घड एकाच थरात. गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते आणि तासाभरात देठ सुकतात. मागच्या सीटच्या पायाशी सावलीत ठेवा. म्हणूनच खरेदी शक्यतो निघताना करावी. घरी आल्यावर न धुता, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. लागतील तेवढीच वाहत्या पाण्याखाली धुवायची. सगळी एकदम धुऊन ठेवली तर मेण जातं आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते.

राहिलेल्यांचा बेदाणा करायचा बेत असेल तर हिशोब असा: साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. शेडवर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात, त्यामुळे मेण फाटून पाणी लवकर निघतं आणि पंधरा दिवसांच्या आत माल वाळतो. घरी तसंच गच्चीवर टाकलं तर जास्त दिवस लागतात आणि रंग काळपट येतो. चवीला बिघडत नाही.

दुपार

अकरा-साडेअकराला बागेतून निघालात की मधले चार तास सावलीचे शोधायचे. डबा घरून न्यावा हे उत्तम: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. पाणी माणशी दोन लिटर. स्वच्छतागृहाची सोय सोलापूर सोडतानाच पेट्रोल पंपावर उरकून घ्या, माळावर आडोसा नाही. जेवण झाल्यावर जवळच्या मार्डीला यमाई देवीचं देऊळ आहे. ते न करता बार्शीपर्यंत गेलात तर भगवंत मंदिर होतं, पण मग संध्याकाळचे भोवत्या सोडून द्यावे लागतात. दोन्ही जमवायला गेलेले दोन्हीकडे घाईतच असतात.

फेब्रुवारी जमला नाही तर

पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबरात, याच रस्त्याने पुढे बार्शी तालुक्यात सीताफळाचा हंगाम असतो. एनएमके गोल्डन ही आता राज्यभर पसरलेली जात याच तालुक्यातल्या गोरमाळ्याची. सीताफळ द्राक्षाच्या उलट, तोडल्यावर पिकतं. म्हणून डोळे उघडलेलं पण टणक फळ घ्या, पिकलेलं वाटेतच फुटतं.

डाळिंबासाठी सांगोल्याला जावं. सोलापूरहून मंगळवेढामार्गे ऐंशी किलोमीटरच्या आसपास पडतं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, यावरून तिथल्या मालाचा अंदाज यावा. डाळिंबाला तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे तीन हंगाम असल्याने तारीख विचारूनच ठरवावी लागते: मृगाचा माल हिवाळ्यात, हस्ताचा फेब्रुवारी ते एप्रिल, आंबियाचा पावसाळ्यात. तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या भीतीने तिथे पाहुण्यांबाबत द्राक्षवाल्यांपेक्षा जास्त काटेकोरपणा आहे. ओल्या झाडांतून फिरणाऱ्या माणसाबरोबर जिवाणू पसरतो, त्यामुळे पाऊस किंवा दव असताना बागेत जाण्याचा आग्रह धरू नका. घेताना गुळगुळीत गोल फळापेक्षा बाजू जराशा चपट्या होऊन कडा आलेलं, हाताला जड लागणारं फळ निवडा. दाणे भरले की साल आतून ताणली जाते आणि गोलाई जाते.